शिध्याकडून ताटाकडे

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू आहे. तेथून जवळच, लोकमान्यांचे नाव लाभलेल्या टिळक मार्गावर, सर्वोच्च न्यायालय आहे. महाराष्ट्रातील शाळांत आज शिजणाऱ्या खिचडीचा इतिहास या परिसराशी जोडलेला आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहार योजना सुरू केली. परंतु महाराष्ट्रासह अनेक राज्यांत शिजवलेल्या अन्नाऐवजी, ८० टक्के उपस्थितीच्या अटीवर, दरमहा ३ किलो धान्य मिळे. हा शिधा घरच्या पातेल्यात मिसळे व सर्वांत वाटला जाई. ज्याच्या नावाने तो येई, त्या मुलाच्या वाट्याला घासच उरत.

पीयूसीएलच्या याचिकेवर न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत वर्षातून किमान २०० दिवस, ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने देणारे शिजवलेले जेवण अनिवार्य झाले. २००४ मध्ये स्वयंपाकासाठी दलित व आदिवासींना प्राधान्य देण्याचा आदेश निघाला. जी पंगत जातीने विभागली होती, ती शाळेच्या ओसरीवर एकत्र बसवण्याचा हा प्रयत्न होता.

धान्य कुटुंबाचे असते; वाढलेले ताट मात्र मुलाचे असते. हा भेद ओळखला गेला, हेच त्या आदेशाचे मोल होय.