तंजावरचा शिलेखाना आणि बंदुकीचा परवाना



पलटणीतून पेन्शन घेऊन मी डीएससीत आलो आणि तंजावरच्या हवाई तळावर पोस्टिंग मिळालं. इथं आलेला मराठी माणूस आधी बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा इतिहास बघतो, मग सरस्वती महाल बघतो आणि ऊर भरून येऊन घरी फोन करतो. मीही केला. आज मात्र बंदुकीवर लिहायचं आहे. कोतातल्या सरकारी बंदुकीवर नव्हे, माणसाच्या घरातल्या बंदुकीवर.

आपल्याकडे एक पक्का समज आहे की 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेतली आणि तेव्हापासून परवान्याची भानगड सुरू झाली. उत्तरेपुरतं ते बरोबर आहे. पण दक्षिणेत, कावेरीच्या आसपासच्या मुलखात, हे त्याच्या अर्धशतक आधीच घडून गेलं होतं. आणि त्या सगळ्या घडामोडीच्या मधोमध आपल्या मराठ्यांचं एक राज्य उभं होतं.

व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं ते 1675-76 च्या सुमारास. सव्वाशे वर्षांनी, 1799 मध्ये, सरफोजीराजांनी कंपनीशी करार केला. राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तो किल्ला, त्याच्या लगतचा थोडा भाग, सालीना एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. सरफोजी विद्वान राजा, ग्रंथ जमवणारा, वैद्यकात रस असलेला. त्यांच्याबद्दल वाईट लिहायची माझी लायकी नाही. पण शिपाई म्हणून कराराकडे बघितलं तर एवढंच दिसतं की ज्याच्याकडे महसूल नाही त्याच्याकडे फौज नाही, आणि फौज नाही त्याच्याकडची हत्यारं म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तू.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दक्षिणेला कयत्तारला वीरपांड्य कट्टबोम्मनला फाशी दिलं. तरी पाळेगारांचं बंड थांबलं नाही. शिवगंगेच्या मरुदु बंधूंनी 1801 मध्ये ते पेटवलं आणि त्याची झळ तंजावरच्या हद्दीपर्यंत आली. ऑक्टोबर 1801 मध्ये दोघा भावांना तिरुप्पत्तूरला फाशी झाली आणि 1 डिसेंबर 1801 रोजी मद्रासच्या गव्हर्नरनं, म्हणजे प्लासीवाल्या क्लाइव्हच्या मुलानं, एक जाहीरनामा काढला. दक्षिणेकडच्या प्रांतांतले पाळेगार, त्यांचे सरदार आणि रहिवासी या सगळ्यांना त्यात कळवलं की यापुढे हत्यार बाळगणं बंद. सरकार परवानगी देईल तेवढंच हत्यार चालेल. तोड्याच्या बंदुका, भाले, सगळं त्यात आलं. गढ्या पाडल्या गेल्या.

जाहीरनाम्यातलं ते 'परवानगी देईल तेवढंच' मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याआधी बंदूक ज्याची त्याची होती. गावाचा राखणदार, ज्याला इथं कावलकार म्हणतात, तो गावाकडून धान्य घ्यायचा आणि गावाची राखण करायचा. त्याच्या भाल्याला वरून कुणाची सही लागत नव्हती. त्या एका वाक्यानं बंदुकीची मालकी एका कागदावर आली, आणि आज कलेक्टर कचेरीत जो अर्ज भरतात त्याचं मूळ मला तरी तिथंच दिसतं.

आता राजवाड्यातल्या हत्यारांचं काय झालं ते सांगतो. राजवाड्याच्या आवारात साधारण 190 फूट उंचीचा आठ मजली मनोरा आहे, आयुधगोपुर. हा राजांचा शिलेखाना. तंजावरला गेलात तर वर चढायला देतात का बघा. आत देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे, त्यामुळे शाळेची पोरं मनोऱ्याला माशाचा मनोरा समजतात. शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, 1855 मध्ये वारले. मुलगा नाही म्हणून कंपनीनं राज्य खालसा केलं आणि पुढच्या वर्षी रेसिडेंटनं फौज आणून राजवाड्याला कुलपं ठोकली. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि 1859 मध्ये निकाल लागला की ही राज्यकृती आहे, यात कोर्टाला हात घालता येत नाही. पुढे 1862 मध्ये सरकारनं आपणहून राण्यांना खासगी मालमत्ता परत केली, पण शिलेखान्याची वाट वेगळीच लागली. 1860 च्या दशकात तिथली हत्यारं त्रिचनापल्लीला नेली गेली. त्यातली निवडक मद्रासच्या म्युझियमसाठी बाजूला काढली. बाकीची मोडून जुन्या लोखंडाच्या भावानं विकली. वॉलहाऊस नावाच्या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्यानं हे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. कट्यारी, पट्टे, फिरंगी पात्यांच्या तलवारी, हत्तीचे अंकुश, सगळं भंगारात. वाचलेल्यांतली काही चेन्नईच्या एग्मोर म्युझियममध्ये आहेत. मी रजेवर जाताना गाडीला चार तास होते, ते तिथं घालवले. काचेमागची एक कट्यार अशी आहे की मूठ हातात घ्यावीशी वाटते.

वॉलहाऊसचा लेख छापून आला 1878 मध्ये, आणि त्याच वर्षी लॉर्ड लिटनचा हत्यारांचा कायदा आला. त्याआधी 1857 आणि 1860 चे कायदे होतेच, पण साऱ्या हिंदुस्थानासाठी पक्की चौकट बांधली ती 1878 नं. या कायद्यात हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला माफी. राग आला तो याचा. काँग्रेसनं वर्षानुवर्षं याविरुद्ध ठराव केले. गांधीजींनी 1918 मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना पत्रक काढलं, त्यातही या कायद्याला इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत सगळ्यांत वर बसवलं होतं. अहिंसावाल्या गांधीजींनी! हे कोतात सांगितलं तर आमच्यातले निम्मे विश्वास ठेवत नाहीत.

माफी युरोपियनांनाच होती असंही नाही. तंजावरहून पश्चिमेला कावेरीच्या उगमाकडे गेलं की कोडगू लागतं. तिथल्या कोडव लोकांना 1861 मध्ये मार्क कबननं हत्यारबंदीतून वगळलं. ती सूट आजही आहे. केंद्र सरकारनं 2019 मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. म्हणजे कावेरीच्या उगमाला बंदूक घरात टांगलेली, आणि तीच नदी जिथं समुद्राला मिळते तिथं बंदुकीसाठी अर्ज. 1857 मध्ये कोण कुणाच्या बाजूनं उभं राहिलं याचा तो हिशेब होता. सरकारचा भरवसा ज्याच्यावर, त्याच्या हातात नळी.

त्रिभुज प्रदेशातल्या गावांत मग बंदूक उरली कुणाकडे? मोठ्या जमीनदाराकडे. इथं त्याला मिरासदार म्हणतात, शब्द आपलाच आहे. हजारो एकर भातजमीन काही घराण्यांकडे आणि राबणारे बहुतेक दलित शेतमजूर. बारा बोअरची बंदूक म्हणजे मिरासदाराच्या ओसरीवरची शोभा, आणि गरज पडली तर नुसती शोभा नाही.

25 डिसेंबर 1968 च्या रात्री तिरुवारूरच्या पुढे कीळवेणमणी गावात काय झालं ते इथं लहान पोरालाही माहीत आहे. तेव्हा ते तंजावर जिल्ह्यातच होतं. मजुरीत थोडी भाताची वाढ मागणाऱ्या मजुरांच्या वस्तीवर जमीनदारांची माणसं चालून आली. बंदुका चालल्या. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं झोपडीसकट जाळली गेली. 44 जण. खालच्या कोर्टानं काहींना शिक्षा दिली, हायकोर्टात सगळे सुटले. एवढ्या श्रीमंत गाड्यावाल्या माणसांनी स्वतः पायी चालत जाऊन आग लावली असेल हे हायकोर्टाला पटलं नाही. मी त्या स्मारकापाशी जाऊन आलो आहे. गणवेशात नव्हतो, तरी टोपी काढावी तसा हात डोक्याकडे गेला.

इथं मला घटना समितीतली चर्चा आठवते. 1931 च्या कराची काँग्रेसनं नागरिकाला नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगायचा हक्क मान्य केला होता. 1948 च्या डिसेंबरात ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालायची सूचना आणली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हा हक्क केला तर अट्टल गुन्हेगारही तोच हक्क सांगत येईल. घटनेत शेवटी आलं ते शांततेनं आणि विनाशस्त्र जमण्याचं स्वातंत्र्य. बंदूक हक्क झाली असती तरी ती आधी मिरासदाराच्या ओसरीवरच टांगली गेली असती, मजुराच्या झोपडीत नव्हे. बंदुकीला पैसे लागतात. माझ्या ओळखीतले बरेच माजी सैनिक याबाबत माझ्याशी सहमत नाहीत. नसू देत.

स्वतंत्र भारताचा कायदा 1959 चा, लागू झाला 1962 मध्ये. युरोपियन-हिंदी भेद गेला, परवाना राहिला. एक गोष्ट चांगली केली: किमान 20 इंच नळीची साधी, आत आटे नसलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, किंवा पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली आणि अधिकाऱ्याला योग्य कारण दिसलं, तर परवाना द्यायचा, अशी भाषा आहे. नाकारला तर कारण लेखी द्यायचं, आणि त्यावर अपील करता येतं. पीकराखणीची गंमत अशी की या भातखाचरांत मुख्य शत्रू उंदीर. त्याला बंदूक काय करणार? इथले शेतकरी बांबूच्या कांबीचा धनुष्यासारखा सापळा बांधावर रोवतात. शेतकी खात्याच्या पुस्तकांतसुद्धा त्याला तंजावरचा सापळा म्हणतात. परवाना लागत नाही.

ओरत्तनाडूकडच्या एका गावातले मद्रास रेजिमेंटचे निवृत्त हवालदार माझे स्नेही. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला 'मराठा सार' म्हणतात. त्यांना रखवालदारीची नोकरी मिळत होती, पण स्वतःची परवान्याची बंदूक असेल तर पगार बराच जास्त. चोवीस वर्षं हत्यार हाताळलेला माणूस, पण पेन्शनीच्या दिवशी कोतात रायफल जमा केली की आपण सिव्हिल. सरकारी हत्यार बाळगायला शिपायाला परवाना लागत नाही. ती सूट माणसाची नसते, कामाची असते. हे आपल्यातल्या कित्येकांच्या डोक्यात शेवटपर्यंत शिरत नाही.

त्यांनी कलेक्टरकडे अर्ज केला. वयाचा पुरावा (21 पूर्ण लागतात), राहण्याचा दाखला, डॉक्टरचं प्रमाणपत्र, बंदूक घरात कुठे आणि कशी कुलूपबंद ठेवणार ते. मग गावच्या व्हीएओकडून तहसीलदारापर्यंत चौकशी, आणि पोलिसांची वेगळी. पोलीस शेजाऱ्यांना विचारून गेले: दारू पितात का, भावकीत तंटा आहे का. तंटा होता. पाटाच्या पाण्यावरून चुलतभावाशी जुनी कटकट. अर्ज तिथंच अडकला. मला वाटलं अण्णा चिडतील. ते म्हणाले, "बरोबरच विचारलं, सार. माझ्या हातात बंदूक आली की पाण्याची पाळी कोण मागणार?" चुलतभावाला घेऊन ते स्वतः पोलीस ठाण्यात गेले. भावानं सांगितलं, भांडण पाण्याचं आहे, माणूस चांगला आहे. ते लिहून घेतलं गेलं.

बऱ्याच महिन्यांनी परवाना आला. त्यावर देशभरच्या नोंदवहीतला क्रमांक असतो. तो नसेल तर परवाना धरत नाहीत. सैनिकांसाठी हे मुद्दाम सांगतो. काश्मीरच्या पोस्टिंगमध्ये काही मध्यस्थांनी सैनिकांच्या नावानं परवाने काढले. 2012 ते 2016 या काळात तिथं दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजारांवर परवाने वाटले गेले असा सीबीआयचा आरोप आहे, आणि चौकशी चालली ती सैनिकी कागद वापरलेल्यांपर्यंतही आली. एजंटाच्या हातात डिस्चार्ज बुक देऊ नका. आणि 2019 पासून एका माणसाकडे दोनच बंदुका चालतात, आधी तीन चालायच्या. जास्तीची असेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते. नोकरीत असाल तर युनिटच्या कोतातही. घरी वडिलांची बंदूक असेल तर ते हयात असतानाच वारसाचा अर्ज करता येतो, त्यांचं वय 70 झालं असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे 25 वर्षं असेल तर. वडील गेल्यावर बंदूक माळ्यावर तशीच ठेवणं हा गुन्हा होतो, आणि आपल्या गावाकडे ती हमखास माळ्यावरच असते.

अण्णांनी तिरुचीच्या दुकानातून दुनळी घेतली, वापरलेली. दुकानदारानं वही उघडून दाखवली: आधीचा मालक एका मिरासदार घराण्यातला, वारसांपैकी कुणालाच ती नको होती. दस्त्यावर पितळेची छोटी पट्टी होती, तिच्यावरचं नाव घासून गेलेलं. अण्णांनी आधी दोन्ही नळ्या मोडून उजेडात धरल्या, घोडे तपासले, मग किंमत विचारली. नंतर ती कचेरीत दाखवली, नंबर परवान्यावर चढला. पुढच्या निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा झाली आणि त्यांची तेवढ्या दिवसांची ड्यूटी काठीवर निघाली. पावती त्यांनी डिस्चार्ज बुकच्या प्लॅस्टिकात ठेवली आहे.