ओठ सांधला, उच्चाराचे काय?

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. खाली सहीच्या जागी ‘बी. एल.’ एवढी दोनच अक्षरे आणि सोबत एका माणसाचे चित्र. माणसाचे नाव कावसजी. इंग्रजांच्या सैन्यात तो बैल हाकत असे. १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती, असे पत्रात म्हटले आहे. (कावसजी हे नाव पारशी वळणाचे, पत्रात मात्र त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. हे कोडे तूर्त बाजूला ठेवू.)

क्रियेचे वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवायचा, तो उलगडून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. त्या रेघेने कपाळाची कातडी सोलायची. परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच राहू द्यायची, म्हणजे तिच्यातून रक्त वाहत राहते. मग कातडी पीळ देऊन खाली वळवायची व नाकाच्या जागी बसवायची. टाके नाहीत. सांधा पक्का करायला काय, तर विड्यात घालतात तो कात, पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावलेला. चार दिवसांनी त्या पट्ट्या काढून तुपात भिजवलेले फडके. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने हे वाचले, प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली पहिली शस्त्रक्रिया केली. त्यावरचे त्याचे पुस्तक १८१६ चे. तिथून ही ‘भारतीय पद्धत’ युरोपभर गेली. पत्रात कावसजीचे नाव आहे, साक्षीदार इंग्रजांची नावे आहेत, कारागिराचे नाही.

आपल्याकडे प्लास्टिक सर्जरीचा विषय निघाला की हा प्रसंग व सुश्रुत या दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. त्या सांगाव्यातच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कानाची पाळी व नाक यांच्याबरोबर ओठ सांधण्याचाही उल्लेख आहे. मात्र या अभिमानात एक भेद पुसला जातो. कावसजीला आधी नाक होते. युद्धाने वा शिक्षेने ज्याचा चेहरा बिघडला, त्याला पूर्वीचा चेहरा परत हवा असतो, आणि बोलायला तो लहानपणीच शिकलेला असतो. जन्मतःच ओठ वा टाळू दुभंगलेल्या मुलाला यातले काहीच मिळालेले नसते. त्याच्यावरील उपचारांचा इतिहास म्हणून वेगळा लिहायला हवा. आणि तो केवळ शस्त्रक्रियेचा इतिहास होऊ शकत नाही.

या इतिहासाच्या पूर्वरंगात ग्रहण येते. गरोदर बाईने ग्रहणात चिरू नये, कापू नये, शिवू नये हा दंडक महाराष्ट्रात घरोघर पाळला गेला, अजूनही पुष्कळ घरांत पाळला जातो. मूल फाटलेल्या ओठाचे जन्मले की पहिला प्रश्न सुनेला: “ग्रहणात काही चिरलंस का गं?” गर्भशास्त्र सांगते ते असे: वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो आणि टाळू त्यानंतर, साधारण तिसरा महिना संपेपर्यंत. म्हणजे ओठाचा निकाल लागतो तेव्हा अनेक बायकांना दिवस गेल्याची धड खात्रीही झालेली नसते. ग्रहण पाळायचे तरी कोणी आणि केव्हा? आनुवंशिकता, फॉलिक ॲसिडची कमतरता, तंबाखूचा धूर, फेफऱ्यावरील काही औषधे अशी कारणे एकत्र गुंतलेली असतात. जगात साधारण सातशे जन्मांमागे एक मूल असे येते. तरीही दोष आईच्या विळीवर ठेवला गेला, आणि त्या दोषापायी कित्येक मुले घराच्या आतल्या खोलीतच वाढली.

तिथून त्यांना उजेडात आणण्याचे काम महाराष्ट्रात ज्या एका माणसाशी जोडले गेले, ते डॉ. शरदकुमार दीक्षित. जन्म १९३० चा, पंढरपूरचा. प्लास्टिक सर्जन म्हणून ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन मोफत शिबिरे घेऊ लागले. १९७८ च्या मोटार अपघाताने ते चाकांच्या खुर्चीला खिळले. पुढे स्वरयंत्राचा कर्करोग, हृदयविकाराचे झटके. शिबिरे थांबली नाहीत. शस्त्रक्रियांचा आकडा साठ हजारांच्या पुढे सांगितला जातो. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ च्या नोव्हेंबरात ते वारले. पुण्यात भारतीय जैन संघटनेने भरवलेली त्यांची शिबिरे गाजली. दुभंगलेले ओठ, लोंबलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे डाग व व्रण यांच्यावर एकामागून एक, झपाट्याने शस्त्रक्रिया होत.

दीक्षितांच्या चिकाटीला उणे लेखण्याचा हेतू नाही. शिबिराचे एक मोठे काम असे की त्याने लपवलेली मुले बाहेर आणली. मांडवात आपल्यासारखी शंभर मुले पाहिल्यावर आईच्या मनावरचे ओझे ज्या तऱ्हेने उतरत असेल, तसे कोणत्याही पत्रकाने उतरणार नाही. पण शिबिराचा स्वभावच मोजण्याचा आहे. किती आले, किती झाले. ओठ शिवला की त्याचा फोटो काढता येतो. आधीचा व नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवले की देणगीदाराला दुसरा पुरावा लागत नाही. टाळूचा फोटो कोणी लावत नाही. आणि खरी अडचण टाळूतच आहे.

ती समजायला आम्हा मराठीच्या अध्यापकांना वैद्यकाचे पुस्तक उघडावे लागत नाही. वर्णमाला पुरे. प, फ, ब, भ, म हे पाचही ओष्ठ्य. परंतु ‘म’ म्हणताना हवा नाकावाटे सुटते आणि बाकीच्या चार वर्णांच्या वेळी टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. टाळू दुभंगलेल्या मुलाला ती वाट बंद करता येत नाही. तोंडात हवेचा दाब साठतच नाही, म्हणून ‘प’, ‘ब’ उमटत नाहीत, त्यांच्या जागी ‘म’सारखे काही येते. असे मूल ‘बाबा’ म्हणू जाते आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येते. ‘आई’ हा निव्वळ स्वरांचा शब्द, तो सानुनासिक होऊन का होईना, निसटतो. क, ट, त यांचीही तीच गत. काही मुले मग तोंडाऐवजी घशातच हवा अडवून बोलायला शिकतात. या सवयीला एकदा मुरायला वेळ मिळाला की नंतर टाळू शिवूनही ती जात नाही. म्हणून टाळूची शस्त्रक्रिया मूल बोलू लागण्याच्या सुमारास, नऊ ते अठरा महिन्यांत करतात. दहा-बारा वर्षांचा मुलगा शिबिरात येऊन टाळू शिवून घेतो तेव्हा त्याच्या घासातले पाणी नाकातून येणे थांबते. बोलणे बहुधा होते तसेच राहते.

त्याआधी जगवण्याचा प्रश्न असतो. टाळूला भोक असले की बाळाला ओढून दूध पिता येत नाही. शस्त्रक्रिया करायची तर दहा आठवडे वय, दहा पौंड वजन व दहा ग्रॅम हिमोग्लोबिन असा जुना ठोकताळा आहे. ओढता न येणाऱ्या बाळाचे वजन वाढायचे कसे? इथे आपल्या घरातले जुने बोंडले उपयोगी पडते. आईने दूध पिळून काढावे, बाळाला उभे धरावे आणि बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे. पुढे कानात पाणी साठते, ऐकू कमी येते. आठ ते अकराव्या वर्षांच्या दरम्यान हिरडीच्या फटीत हाड भरावे लागते, मग दात सरळ करणे, आणि नाकाची डागडुजी वाढ पूर्ण झाल्यावर. म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा प्रपंच. एका दिवसाच्या मांडवात तो मावणारा नाही.

नव्या शतकात हे धर्मादाय संस्थांनीही ओळखले. १९९९ साली सुरू झालेल्या ‘स्माइल ट्रेन’ने परदेशी पथके पाठवण्याऐवजी इथल्याच डॉक्टरांना व रुग्णालयांना शस्त्रक्रियेचा खर्च देण्याची पद्धत आणली आणि पुढे वाचोपचारालाही मदत देऊ केली. महाराष्ट्रात २००६ पासून लागू झालेल्या न्यायालयीन योजनेने धर्मादाय रुग्णालयांना निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत, दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के सवलतीत आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत असे बंधन घातले. ही व्यवस्था मोलाची आहे, पण ती खाटांच्या भाषेत बोलते. वाचोपचाराला खाट लागत नाही. त्याला आठवड्यातून एकदा, महिनोन्‌महिने, त्याच मुलासमोर बसणारे एक माणूस लागते, आणि ते मुलाच्या भाषेत बोलणारे लागते. त्यामुळे औदार्याच्या हिशेबात तो सहजी बसत नाही.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी सरकारकडे घेतली. जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेले ओठ व टाळू आहेत. प्रसूतीच्या ठिकाणी नवजात बाळ तपासायचे, घरी आशाताईंनी पाहायचे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा फिरते पथक यायचे. रचना उत्तम आहे. ती मुलाचे एकाच गावी वाढणे गृहीत धरते.

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत हे गृहीत टिकत नाही. म्हातोबाच्या यात्रेचे हे गाव राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे जगाच्या नकाशावर गेले. काचेच्या इमारती उभारणारे मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि काम संपले की चाकणला, तळेगावला, नाहीतर परराज्यातल्या गावी जातात. अशा खोलीत जन्मलेल्या बाळाचा ओठ चौथ्या महिन्यात पुण्यात मोफत शिवला जाऊ शकतो. टाळूची तारीख वर्षभराने येते, तेव्हा कुटुंब त्या पत्त्यावर नसते. आणि राहिलेच तर घरात बोलतात ती भाषा मराठवाड्याची मराठी असते, कन्नड असते, उडिया असते. ज्या भाषेत मुलाला ‘प’ शिकायचा आहे, ती येणारा वाचोपचारक शोधायचा कुठे?

गळती ओळखायला वाचोपचारकांकडे एक जुनी, साधी युक्ती आहे. मुलाच्या नाकपुड्यांखाली छोटा आरसा धरायचा आणि त्याला ‘पापा’ म्हणायला लावायचे. हवा तोंडातूनच गेली तर आरसा स्वच्छ राहतो. टाळूतून निसटली तर त्यावर वाफ धरते. हिंजवडीच्या अंगणवाडीतल्या ताईंनाही हे करता येण्यासारखे आहे, आणि मूल गाव सोडून जाण्याआधी त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर एक ओळ लिहिता येण्यासारखी आहे: ओठ झाला, टाळू बाकी.