रुमालाखालची बोटं

आधी पायातले बूट काढा. या फुफाट्यात ते तासाभरात निकामी होतील, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांच्याकडे बघून समोरचा माणूस भाव वाढवील. वहाणा घाला, डोक्याला पटका गुंडाळा. करंजीचा घाट उतरून तुम्ही तिसगावात आला आहात. डांबर अजून यायचं आहे, रुपयाला सोळा आणे मिळतात, आणि फाल्गुनातलं ऊन सकाळीच मानेवर बसलं आहे.

तुमचा धंदा माती-मुरूम वाहण्याचा. दोन गाढवं होती, त्यातलं एक पावसाळ्यात गेलं. बांधाचं काम समोर आहे. जनावर उभं केलं नाही तर ते दुसऱ्याला जाईल. कमरेच्या कशात पैसे आहेत, पण निम्मेच. गाढवातलं तुम्हाला फारसं कळत नाही. आणि ज्याच्याकडून घ्यायचं, तो माणूस आयुष्यात कधी पाहिलेला नाही. भांडवल अपुरं, माहिती तोकडी, विश्वासाच्या नावाने शून्य. आजच्या एखाद्या ऑफिसात यावर पांढरा फळा, रंगीत चिठ्ठ्या आणि तीन मीटिंगा झाल्या असत्या. इथे दिवस मावळायच्या आत सुटलं पाहिजे.

पेठेत शिरा. गूळ, रॉकेल, सुकी मिरची आणि कोऱ्या कापडाची खळ यांचा एकच वास नाकात जातो आणि शिंक येते. नवं दावं हवं आहे, म्हणून एका दुकानाच्या पायरीशी थांबता. गादीवरचा मालक तुमच्याकडे न बघताच गुमास्त्याला विचारतो, ‘‘पवित्र?’’ गुमास्ता तुमच्या वहाणांकडे नजर टाकतो. ‘‘शेली बास.’’ तुम्हाला वाटतं, काहीतरी देवाधर्माचं चाललंय, मध्येच शेळीही आली. प्रत्यक्षात तुमच्या दाव्याचा भाव तुमच्या नाकासमोर सातावरून सहा आण्यांवर आला. ही व्यापाऱ्यांची नंदभाषा: केवली म्हणजे एक, मुळू पाच, शेली सहा, पवित्र सात, अंगुळू दहा. गिऱ्हाईक समोर उभं असताना दोघांनी सल्लामसलत करायची तरी कशी, या अडचणीवर पेठेने काढलेला हा तोडगा. तुमच्या बाजूने बघितलं तर जरा संतापजनकच आहे. पण आज एक आणा वाचला, तेव्हा गप्प राहा आणि गाढवासाठी मढीची वाट धरा.

वाट दाखवायला कुणी लागत नाही. सगळा मुलूख तिकडेच लोटला आहे. बैलगाड्यांची चाकं कुरकुरतायत, हलग्या कडाडतायत, खांद्यावरच्या उंच काठ्यांची निशाणं वाऱ्याला फडफडतायत. त्या काठ्या मढीतल्या कानिफनाथांच्या मंदिराच्या कळसाला भिडवायच्या आहेत. आज रंगपंचमी, मढीची यात्रा. गुलाल घामात कालवून लोकांच्या कानामागून ओघळतो आहे आणि कुणीतरी तुमच्या तळहातावर चार रेवड्या ठेवतो. तिळाचा एक दाणा दाढेत अडकतो तो संध्याकाळपर्यंत. मढी गावातून जाताना एक गोष्ट जाणवेल, घरांतून तळणाचा वास येत नाही. यात्रेच्या आधी महिनाभर गाव व्रत पाळतं: तळण नाही, गादी-पलंग नाही, लग्नकार्य नाही. गोपाळ, कैकाडी, वडार, बेलदार, वैदू, घिसाडी, वर्षभर रानोमाळ पांगलेले सगळे इथे एकदा भेटतात. उगाच नाही मढीला भटक्यांची पंढरी म्हणत.

आणि जिथे हे सगळे भेटणार, तिथे गाढवांचा बाजार भरणारच. माती, दगड, विटा, पालाचं सामान आणि पालातलं पोर, सगळं याच जनावराच्या पाठीवरून जातं. ट्रॅक्टर आल्यापासून बाजार रोडावला, तरी तो अजून भरतो. पण तुम्ही आता आहात तिथे तो ऐन भरात आहे. आधी कानावर येतो तो एका गाढवाचा सूर; त्याला दुसरं उत्तर देतं, मग सगळा माळच ओरडायला लागतो. लीद, धूळ, बिडीचा धूर. काठेवाडहून आलेली उंच, पांढरट गाढवं एका बाजूला. त्यांचे भाव ऐकून मागे सरका. गावठी, करड्या रंगाची दुसऱ्या बाजूला. तुमचं काम तिथे आहे.

जबडा उघडून बघायचा असतो. दोन दात आले तो दुवान, चार आले तो चौवान. ज्याचे अजून दुधाचेच आहेत, त्याच्यावर माती लादू नका. मग चालवून बघा, मागचे पाय एकमेकांना घासतायत का ते पाहा. पाठीवर गोणपाट टाकलेलं दिसलं तर सगळ्यात आधी तेच उचला, कारण जखम असली तर तिथेच असते. एवढं करेपर्यंत तुमच्याभोवती पंधरा माणसं जमलेली असतात, आणि प्रत्येकाला गाढवातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

‘‘पाव्हणं, हात आणा हिकडं.’’

हा दलाल. विकणारा पाच पावलांवर आकाशाकडे बघत उभा आहे, जणू गाढव त्याचं नाहीच. दलाल तुमचा उजवा हात धरतो आणि वरून आपला रुमाल टाकतो. आत अंधार, घाम आणि तंबाखूचा चिकटपणा. त्याचा तळवा विटेसारखा खरखरीत आहे. आता बोलायचं नाही. त्याने तुमची पाचही बोटं मुठीत धरली: विकणारा पाच म्हणतोय. पाच म्हणजे पाच रुपये की पन्नास, हे विचारून हसं करून घेऊ नका, जनावराकडे बघूनच ते कळायला हवं. तुम्ही त्याची तीन बोटं धरता. तो रुमाल उचलून विकणाऱ्याकडे जातो, तिथे तोच खेळ, आणि परत येतो. बाहेर मात्र त्याचं तोंड अखंड चालू आहे: गाढवाचं कूळ, पाऊसपाणी, तुमचं गाव कोणतं. आत चार बोटं. तुम्ही मान हलवता.

एवढी लपवाछपवी कशासाठी? भाव उघड बोलला असता तर तो पंधरा जणांनी ऐकला असता. विकणाऱ्याच्या उरलेल्या गाढवांचा भाव तिथेच ठरला असता, आणि पाचावरून चारावर येताना त्याची मान खाली गेली असती. चारचौघांत बोललेला आकडा माणसाला मागे घेता येत नाही, तो त्यावर अडून बसतो आणि व्यवहार मोडतो. रुमालाखाली माघार घेतली तर ती कुणाला दिसत नाही. धंद्यातल्या निम्म्या अडचणी हिशेबाच्या नसतातच, अब्रूच्या असतात, हे या बाजाराने ओळखलं होतं, असं मला वाटतं. अर्थात दोन्ही हातांतला फरक एकट्या दलालाला ठाऊक असतो, आणि त्यात तो आपली पोळी भाजून घेतो, हेही तितकंच खरं.

राहिले पैसे. जवळ आहेत ते विसार म्हणून द्या. बाकीचे पुढच्या रंगपंचमीला, इथेच. कागद? कुणाकडेच नाही. विकणारा तुमच्या मागे उभ्या असलेल्या, दोघांच्याही ओळखीच्या म्हाताऱ्याकडे बघतो. म्हातारा म्हणतो, ‘‘मी हाय की,’’ आणि तो तुमचा जामीन झाला. तुम्ही वर्षभर कुठेही भटका, यात्रेला यावंच लागणार, आणि आलात की म्हातारा तिथे असणारच. न आलात तर पलीकडे लिंबाखाली जातीचे पंच बसलेत, देण्याघेण्याची भांडणं तिथेच मिटतात. पण त्या झाडाकडे फार कौतुकाने बघू नका. दंड जबर असतो, बहिष्कार त्याहून जबर, आणि बायकांच्या वाट्याला त्यातलं सगळ्यात वाईट येतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली कायदा करावा लागला, तो काही हौसेने केला नाही.

दावं गाढवाच्या गळ्यात पडलं. ते हलत नाही. तुम्ही ओढता, पंधरा माणसं हसतात, मागून कुणीतरी पुठ्ठ्यावर थाप मारतो आणि स्वारी निघते. इतक्यात दलाल पुन्हा आडवा येतो, हात पुढे, त्यावर तोच रुमाल. आता त्याची दलाली ठरवायची आहे. हो, विकणाऱ्याकडूनही घेतली त्याने. बोटं धरा, आणि या खेपेला तरी जरा घासाघीस करा. मघाशी दुसऱ्याच फेरीला मान हलवलीत.