ताम्हण
ताम्हण (शास्त्रीय नाव: लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा) हा मेंदीच्या कुळातील पानझडी वृक्ष असून त्याचे फूल हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. कोकणात तो ओढ्यांच्या व नद्यांच्या काठी नैसर्गिकरीत्या वाढतो. उन्हाळ्यात फांद्यांच्या टोकांना चुणीदार पाकळ्यांच्या जांभळ्या फुलांचे तुरे येतात.

अंगणासाठी निवड
भरपूर ऊन मिळणाऱ्या अंगणात ताम्हण चांगला फुलतो; सावलीत फुले कमी येतात. मात्र ऊन मानवत असले तरी कोरडेपणा मानवत नाही. कोवळ्या रोपास उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे लागते. वृक्षाचा विस्तार मोठा असल्याने तो भिंतीपासून दूर लावतात. जागा अपुरी असल्यास याच प्रजातीतील लॅगरस्ट्रोमिया इंडिका हे मोठे झुडूप सोयीचे ठरते. त्यास फुले नव्या फुटीवर येत असल्याने छाटणी हिवाळ्याच्या अखेरीस करतात.