मूळ संहितेतून उभारणी : पहिली चूक आधी वाचा

युनिक्स वा लिनक्सवर एखादा प्रोग्राम मूळ संहितेतून उभारायचा तर 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' या तीन आज्ञा पुरेशा आहेत, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक या पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची रात्र बहुधा दुसऱ्याच आज्ञेवर अडते. चुकांच्या शे-दोनशे ओळी सरकतात आणि नजर शेवटच्या ओळीवर खिळते. तीच नेमकी निरुपयोगी! खरे कारण वर, पहिल्या चुकीत दडलेले असते. 'मेक'ला एकाच वेळी अनेक कामे दिली असल्यास ओळी एकमेकींत मिसळतात. तेव्हा तो पर्याय काढून आज्ञा पुन्हा द्यावी.

'हेडर फाइल सापडत नाही' ही नेहमीची तक्रार. लायब्ररी संगणकावर असूनही ती येते. डेबियन आणि तिच्यावर बेतलेल्या प्रणालींत (सी-डॅकची 'बॉस लिनक्स' त्यांपैकीच) हेडर फाइली 'डेव्ह' अशी शेपटी असलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. फेडोरात ती शेपटी 'डेव्हेल'. 'कॉन्फिगर'च अडले तर 'कॉन्फिग.लॉग' ही फाइल उघडावी. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही मात्र लिंकरची तक्रार होय. लायब्ररीचे नाव आज्ञेत राहिलेले असते, किंवा ते ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लिहिलेले असते.

खरी कोंडी जुन्या संहितेची. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला 'जीसीसी' कंपायलर अलीकडे कडक झाला आहे. २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलींत घोषित केल्यास 'मल्टिपल डेफिनिशन' असा नकार मिळतो. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीने, पूर्वी केवळ इशाऱ्यावर सुटणारे अघोषित फंक्शन थेट चूक ठरवले. 'एफकॉमन' आणि 'एफपरमिसिव्ह' हे पर्याय अनुक्रमे या दोन चुकांना वाट करून देतात. पण दुसरा जपूनच वापरावा. अघोषित फंक्शनचे उत्तर पूर्णांक आहे असे कंपायलर गृहीत धरतो. ६४ बिटांच्या यंत्रावर पॉइंटर अर्धा कापला जातो आणि प्रोग्राम चालताना कोसळतो. त्यापेक्षा योग्य हेडर जोडणे बरे.

नुसते 'किल्ड' दिसल्यास बहुधा स्मृती अपुरी पडलेली असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत रूटचा पासवर्ड मिळत नाही, म्हणून 'मेक इन्स्टॉल' परवानगीअभावी अडते. अशा वेळी 'कॉन्फिगर'लाच 'प्रीफिक्स'द्वारे आपल्या होम डिरेक्टरीचा पत्ता द्यावा.