न विचारता चालणारा कारभार : मानवी चेतासंस्थेची रचना आणि कार्य

सुरतजवळ, तापी नदीच्या मुखाशी हजीरा ही उद्योगनगरी आहे. पोलाद, खते आणि नैसर्गिक वायू यांचे मोठे प्रकल्प तिथे आहेत. अशा एखाद्या पोलाद कारखान्यातील कामगाराचा हात चुकून तापलेल्या पत्र्याला लागला, तर तो क्षणार्धात मागे येतो. ‘भाजले’ ही जाणीव त्यानंतर होते. मग हात मागे घेण्याचा निर्णय घेतला कोणी? या प्रश्नाच्या उत्तरातून चेतासंस्थेची बरीचशी रचना उलगडते.

दोन विभाग, एक भाषा

चेतासंस्थेचे दोन मुख्य विभाग आहेत. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. मेंदूपासून निघणाऱ्या १२ आणि मेरुरज्जूपासून निघणाऱ्या ३१ चेतांच्या जोड्या आणि त्यांचे शरीरभर पसरलेले जाळे म्हणजे परिघीय चेतासंस्था. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते आणि त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या काळातही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो.

चेतापेशींची भाषा विद्युत आवेगाची आहे. पेशीच्या आवरणावरील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे आयन आत शिरतात, आवेग पुढे सरकतो आणि दारे लगेच मिटतात. पेशीच्या टोकाशी रासायनिक द्रव्य स्रवते आणि ते संदेश पुढील पेशीकडे किंवा स्नायूकडे पोहोचवते. मेदावरण असलेल्या जाड तंतूंतून हा आवेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंतून तो एखाद-दोन मीटरच जातो. म्हणूनच ठेच लागल्यावर आधी तीव्र कळ येते आणि ठणका मागाहून सुरू होतो.

कामगाराच्या बोटातून निघालेला आवेग मेरुरज्जूत पोहोचतो आणि तिथूनच स्नायूंना आज्ञा सुटते. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूला बातमी कळते, पण थोडी उशिरा. मात्र मेंदूचा अधिकार संपलेला नसतो. उकळत्या दुधाचे पातेले चटका सोसूनही आपण ओट्यापर्यंत नेतो, तेव्हा मेंदूने मेरुरज्जूची घाई आवरून धरलेली असते.

स्वायत्त कारभार

भट्टीजवळ त्याच कामगाराला घाम फुटतो, हृदयाचे ठोके वाढतात. हे काम स्वायत्त चेतासंस्थेचे. तिच्या दोन प्रमुख शाखा आहेत. अनुकंपी शाखा धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करते : हृदयगती वाढवते, रक्तवाहिन्या आकुंचित करते, घाम आणते. परानुकंपी शाखा ठोके मंदावते आणि पचनाला चालना देते. जगणे या दोहोंच्या तोलावर अवलंबून असते.

हा तोल बिघडला की काय होते, याचे जिवंत उदाहरण त्याच पश्चिम किनाऱ्यावर, गोव्याला लागून असलेल्या कोकणात सापडते. तिथल्या लाल विंचवाचे विष चेतापेशींवरील सोडियमची दारे वेळेवर मिटू देत नाही. स्वायत्त चेता अखंड चेतत राहतात. उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात. आकुंचित रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. एकेकाळी अशा गंभीर रुग्णांपैकी सुमारे तीस ते चाळीस टक्के दगावत असत.

महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद ठेवली. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध वापरले. अनुकंपी चेतांचा संदेश रक्तवाहिन्यांवर जिथे पोहोचतो, ती जागाच हे औषध अडवते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण सुमारे एक टक्क्यापर्यंत खाली आले. विंचूप्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे महाडमध्येच झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे औषध साधी गोळी होती. ती नेमकी कुठे लागू पडेल, हे कळायला मात्र चेतासंस्थेची रचना ठाऊक असावी लागली.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे

विंचू चावल्यावर केवळ वेदनेवरून धोका जोखू नये. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही स्वायत्त चेतासंस्था डळमळल्याची खूण आहे. अशा वेळी, विशेषतः मुलांच्या बाबतीत, मंत्र, उतारा किंवा झाडपाला यांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे. एरवी आपल्याला न विचारता चालणारा हा कारभार बिघडतो, तेव्हा तो सावरण्यासाठी हाती असलेला वेळ फार थोडा असतो.