कॅम्प नंबर तीन

उल्हासनगरला रिक्षात बसलं की लोक आजही 'कॅम्प नंबर ३' असा पत्ता सांगतात. मला वाटायचं, असेल पूर्वी काहीतरी लष्करी. निघालंही तसंच! दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर तिथे सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ मध्ये वस्तीचं नाव झालं उल्हासनगर.

पण हे लोक निघाले कशामुळे, हे वाचताना मी अडखळलो. ऑगस्ट १९४७ मध्ये पंजाब पेटला होता, सिंध मात्र त्यामानाने शांत होता. बऱ्याच सिंधी हिंदूंना तिथेच राहायचं होतं. मग भारतातून मुस्लिम निर्वासितांचे लोंढे कराचीत येऊ लागले. घरदार गेलेलं, कित्येकांची माणसं मारली गेलेली, डोक्यात राग. त्यांना राहायला जागा हवी होती, आणि शहरातली बरीच चांगली घरं हिंदूंची. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत गुरुद्वारात आणलेल्या शिखांवर हल्ला झाला, पाठोपाठ हिंदूंची घरं लुटली गेली. त्यानंतर मुंबईच्या बोटींना गर्दी उसळली.

दंगलीमुळे माणसं निर्वासित होतात, एवढंच शाळेत शिकलो होतो. निर्वासितांमुळे पुढची दंगल पेटते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात त्यांचा दोष किती, हे मला अजूनही ठरवता येत नाही. कराचीतल्या त्या रिकाम्या घरांत ते राहायला गेले, आणि घरवाले इथे बराकीत.